चाकाची जड बाजू

मामंजी,

परवा भाच्याबरोबर नांदेडला यायला निघाले होते, पण पोचले नाही. गाडी त्याची जुनी आहे. लातूर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि वेग आला तसं त्याच्या हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागलं. तो म्हणाला, "आत्या, काही नाही, जुनी गाडी आहे, चालायचंच." मी म्हटलं, "गाडी वळव." त्याला वाटलं म्हातारी घाबरली. घाबरले होतेच, पण कशानं ते त्याला कुठं ठाऊक असणार. वळवली त्यानं. गॅरेजातल्या माणसानं पुढचं चाक जॅकवर उचललं, एक हात चाकाच्या वर आणि एक खाली धरून हलवून पाहिलं, मग दोन्ही बाजूंना धरून हलवलं. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. इतकी वर्षं गेली, गाड्यांचं रंगरूप बदललं, पण चाक हलवून बघायची रीत तीच आहे. घरी आले, दोन दिवस काही सुचेना. शेवटी वाटलं, हे ज्यांना कळेल त्यांनाच लिहावं.

तुमच्या घरात मी आले तेव्हा तुमच्यासमोर बोलायची रीत नव्हती. कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की तुम्ही निघायचात आणि परत यायचात तेव्हा सदऱ्यावर सरकीचा आणि तेलाचा वास असायचा. मी दाराआडून पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. तुम्ही त्यांना विचारायचात, "सूनबाई जेवली का?" मी तिथंच उभी असायची आणि उत्तर आत्याबाई द्यायच्या. जिनातलं इंजिन तुमच्या हाती होतं, त्यामुळं नांदेडात तुम्हाला सगळे मिस्त्री म्हणत. एका तहसीलदाराची टाकून दिलेली मोटार तुम्ही घरी आणलीत, चिंचेखाली उभी करून महिनोन्महिने खोललीत, जोडलीत, आणि मुलाच्या हातात दिलीत. हे ती भाड्यानं चालवायचे. वकिलांना भोकरच्या कोर्टात न्यायचं, कुणाला मुदखेडच्या स्टेशनावर सोडायचं, बाळंतीण आडली की दवाखान्यात आणायचं. गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. ह्यांचा हॉर्न गल्लीत वाजला की मी चुलीवरचा तवा उतरवायची विसरायची.

जर्मनीची लढाई चालू होती. टायर कुठंच मिळत नव्हते, हैदराबादेत चिठ्ठी देऊनही मिळत नव्हते. उजव्या पुढच्या टायरला आतून चीर गेली होती. तुम्ही जुन्या टायरचा जाड तुकडा कापून आतून बसवलात, गेटर म्हणायचे त्याला, आणि वर ट्यूब चढवलीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे जेवताना म्हणाले, "अण्णा, स्टेरिंग थरथरून राहिलंय." तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "हळू चालव. टायर मिळू दे, मग बघू." मी आत चुलीपाशी होते. एवढंच बोलणं झालं. घरात रोज होतं तसं. त्याच्यात आठवणीत ठेवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं असतं?

त्या दिवशी माझा दादा लातूरहून मला न्यायला येणार होता. मला माहेरी जायची घाई होती. हे भोकरला भाडं घेऊन निघाले तेव्हा मी दारात जाऊन म्हणाले, "दादा येणार हाय, लवकर या." आत्याबाई अंगणात होत्या, त्यांनी ते ऐकलं. भोकरला भाडं सोडून हे रिकामी गाडी घेऊन परत निघाले आणि मुदखेडच्या अलीकडं, जिथं रस्ता वळतो, तिथं गाडी रस्ता सोडून डावीकडच्या खड्ड्यात गेली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. पाहणारंही कुणी नव्हतं. शेतातले लोक आवाज ऐकून धावत आले तेव्हा सगळं संपलं होतं. दादा आला तो आमच्या दारात जमलेली माणसं बघतच आला.

पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, आला होता. त्यानं उर्दूत काहीतरी लिहिलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं. "तेज चलाई, मिस्त्री. गफलत हुई. जवान लडका था." तुम्ही मान हलवलीत. ते ऐकून आत्याबाई माझ्याकडं वळल्या. मी त्यांना कधीच दोष दिला नाही, आजही देत नाही, त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. पण तेव्हा त्या जे बोलल्या ते माझ्या अंगात आजवर आहे. "हिनं घाई लावली. लवकर या म्हणाली. जोरात आणली त्यानं, हिच्यासाठी." मग हे रोजचं झालं. पाणी भरताना, पीठ मळताना, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते खरं वाटायला लागलं. मी जेवण कमी केलं. आडाकडं जायची तेव्हा काठावर जरा जास्तच वेळ उभी राहायची. ते तुमच्या लक्षात आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मोटार बैल लावून ओढत आणली होती आणि पुन्हा चिंचेखाली उभी केली होती. डावी बाजू चेपलेली, काच नाही. कुणीतरी म्हणालं, भंगारात द्या, डोळ्यासमोर नको. तुम्ही दिली नाहीत. जिनाला सुटी होती त्या दिवशी सकाळीच तुम्ही पान्हे काढलेत आणि अंगणातून हाक मारलीत, "सूनबाई, इकडं ये माय." मला आधी वाटलं आत्याबाईंना बोलावलं. मी पदर सारखा करून बाहेर आले आणि खाली बघत उभी राहिले.

"तो तुला स्टेरिंगचं काही बोलला होता का?"

मी मानेनं हो म्हटलं.

"मान नगं हलवू. तोंडानं सांग. मला समजून घ्यायचंय. थरथर कधी व्हायची? बिरेक दाबल्यावर, का नुसतीच?"

तुमच्याशी मी पहिल्यांदा बोलले ते हे. "नुसतीच. वेग आला की."

"किती वेग?"

"ते न्हाई ठाव. बैलगाड्या मागं टाकल्या की सुरू होती म्हणाले होते. आणि…" मी थांबले.

"आणि काय?"

"अजून जोरात नेली की थांबती म्हणाले होते."

तुम्ही हातातला पान्हा खाली ठेवलात. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले. मग तुम्ही एवढंच म्हणालात, "बस वर."

वर म्हणजे ह्यांच्या सीटवर. त्या जागेवर मी अंग चोरून बसले. तुम्ही खाली उताणे सरकलात आणि गाडीखालून तुमचा आवाज आला. "स्टेरिंग डावीकडं घे. थोडंसंच. आता उजवीकडं. मी बघतो कुठला सांधा ढिला हाय. माझ्याकडं दुसरं कुणी न्हाई, आणि जिनातल्या माणसांना ह्यात आणायचं न्हाई मला." मी ते गोल चाक धरलं. ह्यांचे हात जिथं असायचे तिथं ते घासून गुळगुळीत झालं होतं. मी ते घट्ट आवळून धरलं. तुम्ही खालून ओरडलात, "माय, आवळू नको! आवळलं की मला काहीच दिसत न्हाई. हात ढिले सोड." तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. मी रडायला लागले. तुम्हाला ऐकू गेलं असणार, पण तुम्ही बाहेर आला नाहीत. खालूनच हळू आवाजात म्हणत राहिलात, "डावीकडं… उजवीकडं… हां… परत डावीकडं." मी रडत रडत फिरवत राहिले. मग कधीतरी रडू थांबलं आणि फिरवणं तेवढं उरलं. हे गेल्यानंतर माझ्या हातांना तेवढा वेळ काहीतरी काम मिळालं होतं.

त्यानंतर सुटीच्या दिवशी आपण दोघं त्या मोटारीपाशी असायचो. अडचण काय आहे ते तुम्ही मला सांगितलंत. जे मोडलंय ते आधीच मोडलं होतं, का पडताना मोडलं, हे कसं ओळखायचं? डाव्या बाजूचं काहीच सांगता येत नव्हतं, एक्सलसुद्धा वाकला होता. उजवी बाजू तेवढी धड होती. चाक वरखाली हलवलं की थोडा खेळ लागायचा. "चाकाची पिन झिजलीय," तुम्ही म्हणालात, "पण झिजून झिजून किती?" मग तुम्ही ते उजवं चाक जॅकवर मोकळं फिरवलंत. ते फिरलं, मंद झालं, जरा मागं पुढं झुललं आणि थांबलं. खाली आलेल्या जागी तुम्ही खडूनं रेघ मारलीत आणि पुन्हा फिरवलंत. रेघ पुन्हा खालीच. "तू फिरव," म्हणालात. मी फिरवलं. पुन्हा खाली. कितीही जोरानं फिरवलं तरी ती रेघ खाली येऊनच थांबायची. तुम्ही टायर उतरवलात. त्या रेघेच्या आत तुम्ही बसवलेला गेटरचा तुकडा होता, सरकून एका जागी गोळा झालेला.

तो तुकडा हातात घेऊन तुम्ही तसेच आत गेलात. आत्याबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. तुम्ही तो त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलात.

"हे बघ. ह्यानं चाक जड झालतं. ह्यानंच स्टेरिंग थरथरलं, ह्यानंच गाडी हातातून गेली. हे मी बसवलतं, माझ्या हातानं. पोरगं मला सांगत होतं, मी ऐकलं न्हाई. तो जोरात चालवत नव्हता. सूनबाईच्या सांगण्यानं काही झालं न्हाई. आजपासून तिला एक शब्द बोलायचा न्हाई. बोलायचं तर मला बोल."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या तुम्हाला काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, आणि तोंड फिरवायच्या. माझ्याशी मात्र बोलायला लागल्या. जेवलीस का, केस विंचर, ही चोळी फाटली. तुमच्या घरातलं तुमच्याशी होणारं सगळं बोलणं बंद पडलं आणि त्या जागी माझ्याशी होणारं बोलणं सुरू झालं. मी रात्रीची शांत झोपायला लागले, मामंजी. खरंच झोपायला लागले. मला वाटायचं, चाकानं केलं. मी नाही केलं.

उन्हाळा लागायच्या आत तुम्ही एक्सल सरळ करून घेतलात, कुठून तरी धड टायर मिळवलात आणि म्हणालात, "सूनबाईला लातूरला सोडतो." आत्याबाईंनी मला ओटीत शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून दिली. तुम्ही चालवत होता, मी मागं बसले होते. लोहा गाव मागं पडलं. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना काढणी झालेली रानं. तुम्ही वेग वाढवलात आणि तुमच्या हातांत स्टेअरिंग थरथरायला लागलं.

मला मागून स्पष्ट दिसत होतं. टायर बदललेला होता, गेटर नव्हता, चाकाला जड बाजू नव्हती. तरी ते थरथरत होतं. आता तो वाकून सरळ केलेला एक्सल असेल, नाहीतर ती झिजलेली पिन असेल, नाहीतर आणखी काही. पण एकट्या त्या तुकड्याचं काम ते नव्हतं, एवढं मला कळलं, आणि मला कळतंय हे तुम्हालाही कळलं असणार, कारण तुमची मान ताठ झाली. मग तुम्ही वेग आणखी वाढवलात. का वाढवलात ते मला माहीत होतं. गाडी जोरात धावली आणि थरथर एकदम गेली. स्टेअरिंग गप्प झालं, लोण्यासारखं.

ह्यांनी सांगितलेलं शब्दन् शब्द खरं होतं. थरथर नको म्हणून ते जोरात नेत असणार. त्या वळणावरही तसेच आले असणार. थरथर होती म्हणून वेग, आणि मी लवकर या म्हटलं म्हणूनही वेग. त्यातला कुठला किती, हे सांगायला तेच उरले नव्हते.

तुम्ही गाडी कडेला घेतलीत. उतरलात. "इंजिन तापलंय, पाणी घालतो," म्हणालात आणि रानाकडं तोंड करून उभे राहिलात. पाण्याचा डबा माझ्या पायाशी होता, तो तुम्ही मागितला नाहीत. मी हाक मारणार होते, पण तुमचे खांदे हलत होते, म्हणून मारली नाही. परत येऊन बसलात तेव्हा म्हणालात, "रस्ता लई खराब हाय, माय." तिथून लातूरपर्यंत आपण बैलगाडीच्या चालीनं आलो.

दादाच्या ओसरीवर तुम्ही चहाही घेतला नाहीत. दादाला म्हणालात, "ही ओझं म्हणून येऊन न्हाई राहिली. हिला समजतं. माझ्यासंगं काम केलंय तिनं. हिला शाळेत घाला." दादा भला माणूस, त्यानं ऐकलं. पुढं निजाम गेला, मराठी शाळा निघाल्या, मास्तरणींची गरज पडली आणि मी निलंग्याला पहिली नोकरी धरली. ते तुम्ही पाहिलं नाहीत. रझाकारांच्या त्या गडबडीत वाटा बंद होत्या, आणि तुम्ही गेल्याचा निरोप लातूरला पोचला तेव्हा तुमचे दिवससुद्धा होऊन गेले होते. छातीत कळ आली आणि जिनातच बसल्या जागी गेलात असं निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला. मी दाराच्या आत जाऊन उभी राहिले. तुमच्यासमोर उभी राहायची तशी.

नोकरी लागल्यावर मी आत्याबाईंना माझ्याकडं आणलं. त्या शेवटपर्यंत माझ्याजवळ होत्या. एकदा पोहे करताना मी त्यांना सगळं सांगितलं, ते लातूरच्या वाटेवरचं. म्हटलं, आत्याबाई, ते एकट्या टायरानं झालं नव्हतं. मामंजींनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. त्या मिरच्या चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुकडा आणून ठेवला तेव्हाच. खोटं बोलताना त्यांचा आवाज मोठा व्हायचा."

"मग त्यांच्याशी बोलत का नव्हता?"

त्यांनी सुरी ठेवली. "कुणावर तरी रुसल्याबिगर मी जगले नसते, माय. तुझ्यावर रुसले असते तर तू आडात गेली असतीस. ते म्हणाले होते मला, पोरगी आडापाशी लई वेळ उभी राहती, नजर ठेव. त्यांच्यावर रुसले. त्यांना सोसवत होतं." मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "सोसवत होतं असं वाटलं मला." त्या दिवशी पोहे करपले आणि आम्ही दोघी ते तसेच खाल्ले.

गॅरेजातल्या माणसानं भाच्याची गाडी दुरुस्त केली आहे. चाकाला शिशाचा छोटासा तुकडा चिकटवला आणि एक सांधा बदलला. दोन्ही होतं म्हणाला, एकच काढलं असतं तर थरथर राहिली असती. भाचा म्हणतोय, पुढच्या आठवड्यात नांदेडला जाऊ. नांदेडात आता माझं कुणीच नाही. चिंचेची जागा कुठं होती तेही ओळखू येणार नाही. पण जाईन म्हणते.

हे कागद टपालात टाकायचे नाहीत हे लिहायला बसले तेव्हाच ठाऊक होतं. पत्ताच नाही. भाचा विचारत होता, कुणाला लिहितेस एवढं, तर मी शाळेचं काहीतरी सांगितलं. आता पुन्हा वाचून पाहिलं आणि ध्यानात आलं की तुमच्या मुलाविषयी मी त्यात फारसं काही लिहिलेलंच नाही. खरं सांगते, मामंजी, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आमचा संसार थोडक्यात आटोपला, फोटो कधी काढला नव्हता. त्यांचा आवाज अजून आठवतो. चेहरा आठवत नाही. पुष्कळ वर्षं झाली, आठवत नाही. आठवायला बसले की तुमचाच येतो.